दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर

माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणूनही नाही. जव्हार संस्थानच्या न्यायकचेरीत मी एकवीस वर्षं शिरस्तेदार, म्हणजे मुख्य कारकून, होतो. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार सगळेच खोटं बोलतात असं धरून चाललं की काम लवकर आटपतं, एवढं मी पहिल्या वर्षातच शिकलो. पुढे ती खोड घरातही आली. बायको म्हणायची, तुम्ही प्रसादाच्या शिऱ्यातसुद्धा खडा शोधता. शोधायचो, आणि एकदोनदा सापडलाही.

अशा माणसाच्या हातून एक खोटा कागद झाला. त्याला आता अठ्ठावीस वर्षं होतील. ज्याला त्याचा फायदा झाला तो देवजी वारला, ज्यांनी तो कागद मान्य केला ते न्यायाधीशसाहेबही गेले. कागद मात्र दप्तरात आहे, माझ्याच अक्षरात, आणि माझं अक्षर चांगलं आहे म्हणून अजून शंभर वर्षं वाचता येईल. तो खोटा आहे हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून हा खटाटोप.

मागच्या महायुद्धाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. चैत्र सरत आला होता. सूर्यमाळेच्या डोंगराच्या उतारावर एका लाकूड-ठेकेदाराचा रखवालदार भर दुपारी रक्तात पडलेला सापडला. तुका त्याचं नाव. डोकं फुटलं होतं आणि उजवा डोळा कायमचा गेला. शुद्धीवर आल्यावर त्याने सकाळी उन्हं वर येताना मार बसल्याचं सांगितलं आणि देवजीचं नाव घेतलं. देवजी त्याच उताराच्या पाड्यावरचा कोकणा जमातीचा शेतकरी, नागली आणि थोडं भात करणारा, तोवर कचेरीची पायरी न चढलेला. तुका म्हणाला, मी त्याचा कोयता जप्त केला होता, त्या रागाने त्याने मला मारलं. गुन्हा शाबीत झाला तर देवजीला सात वर्षं तुरुंग होता.

देवजीचं म्हणणं एकच. त्या सकाळी मी पोशेरा गावच्या बोहाड्यात देवीचं सोंग नाचवत होतो.

बोहाडा हा आमच्या डोंगरातला मुखवट्यांचा उत्सव. एकेक सोंग एकेका घराण्याकडे असतं, बापाकडून मुलाकडे जातं, दुसऱ्याने त्याला हात लावायचा नसतो. देवीचं सोंग देवजीच्या घराण्याकडे होतं. ते सगळ्यात शेवटी, उन्हं वर आल्यावर निघतं, आणि पंचक्रोशी बघायला जमते. म्हणजे साक्षीदारांना तोटा नव्हता. मी अकरा जणांचे जबाब घेतले.

मी विचारलं, मुखवट्यात कोण होतं? देवी होती. ते कळलं, पण आत कोण होतं? आत कसा कोण असेल, देवी होती. एका म्हाताऱ्याला मी जरा आवाज चढवूनच विचारलं, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की वेडा तो की मी, हे मलाच कळेना. मुखवटा चढला की आतल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही आणि त्याच्या पायांकडे बघायचं नाही, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. अकरा माणसं शपथेवर बोलत होती, त्यातला एकही खोटं बोलत नव्हता, आणि मला काडीचीही माहिती मिळाली नव्हती. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं आणि माझं डोकं फिरलं.

पाय पाहिले असं म्हणणाऱ्या दोघीच होत्या. एक देवजीची बायको रुपी, दुसरी रुपीची धाकटी बहीण पोशी, बावीसेक वर्षांची, बहिणीकडेच राहणारी. देवजीच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी कुऱ्हाडीने तुटली होती. मुखवट्याखालचा डावा पाय तसाच होता, असं त्यांचं म्हणणं. आणि या दोघी जन्मापासून ठार बहिऱ्या. एक अक्षर त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

मग त्यांचं म्हणणं आम्हाला कसं कळलं? तर त्यांचा धाकटा भाऊ ढवळू याने सांगितलं. त्या हात हलवायच्या आणि हा बोलायचा. आरोपीचा सख्खा मेहुणा दुभाषी! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली नसती तर मी शिरस्तेदार कसला? पोलीस जमादार तर उघडच म्हणाला की त्या बायका माकडासारखे हातवारे करतात आणि हा पठ्ठ्या त्यावर गोष्ट रचतो.

न्यायाधीशसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. ते मुंबईला शिकलेले, इंग्रजी ग्रंथांचा फार नाद. त्यांनी मला एका जुन्या बादशहाची हकिगत सांगितली. माणूस उपजत कोणती भाषा बोलतो हे बघायला म्हणे त्याने तान्ही मुलं एका वाड्यात ठेवली, मुक्या दायांच्या हाती दिली आणि एक शब्द त्यांच्या कानावर पडू दिला नाही. काही वर्षांनी दार उघडलं तर मुलं मुकीच. साहेबांचं तात्पर्य असं की भाषा बाहेरून येते. कानात पडली तर तोंडात येते, आणि ज्याच्या कानात पडली नाही त्याला फार तर नक्कल करता येते, भाषा नाही.

मग त्यांनी दोन प्रश्न कागदावर लिहून माझ्या हातात दिले आणि चार दिवसांची मुदत दिली. पहिला प्रश्न, पाहिलेली गोष्ट या बायका भावाच्या मदतीशिवाय दुसऱ्याला कळवू शकतात का. दुसरा, न पाहिलेली, न घडलेली गोष्ट त्या सांगू शकतात का.

दुसऱ्या प्रश्नाचं प्रयोजन मी विचारलं. ते म्हणाले, "शिरस्तेदार, घडलेलं तेवढंच दाखवता येत असेल तर त्यांची साक्ष आरशासारखी आहे. आरसा खोटं बोलत नाही, मी ती मान्य करीन. पण न घडलेलंही सांगता येत असेल, तर त्या एका आरोपीची बायको आणि मेहुणी आहेत, बाकी काही नाहीत. मग ती साक्ष मी बाजूला ठेवीन."

म्हणजे पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असं उत्तर आलं तरच देवजी सुटणार होता. हे साहेबांना, मला आणि जमादाराला माहीत होतं. देवजी, दोघी बहिणी आणि ढवळू या चौघांना मी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर परीक्षा कसली.

पहिल्या दिवशी मी ढवळूला समोर बसवून उलटसुलट विचारलं. हे हातवारे यांना कोणी शिकवले? कोणी नाही. आईने? आईला शेवटपर्यंत चार खुणा यायच्या, भाकर, पाणी, ये आणि मार. मग तुला कसं येतं? तो म्हणाला, मी रांगत होतो तेव्हा या दोघी मला सांभाळायच्या, माझ्यासमोर दिवसभर हातांनी बोलायच्या, मला कधी आलं ते मलाच ठाऊक नाही. तोंडाने बोलायच्या आधी मी हाताने बोललो, असं आई सांगायची. मी त्याला दरडावलं की कोणीतरी सुरुवात केलीच असेल, आभाळातून पडलं का? तेव्हा त्याने जरा विचार केला.

"रुपी एकटी व्हती तवर नुसती दाखवायची, रावसायेब. मंग पोशी झाली. ती मोठी व्हायला लागली तशी दोघींनी मिळून ही बोली केली. कोनी दिली नाय त्यांना."

आता मला सांगा, कोणी न देता कोणाला काही मिळतं का? मी एकवीस वर्षं कचेरीत काढली, मला तरी असा माणूस भेटला नव्हता. मी त्याला दप्तरखान्यात नेऊन बसवलं, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. तिथून अंगण दिसत नाही.

मग रुपीला मागच्या खोलीत कोंडलं आणि पोशीला अंगणातल्या जांभळीखाली उभं केलं. आमचा पट्टेवाला भिका याने माझ्या सांगण्यावरून एक बोकड आणला. मी माझं पागोटं काढून बोकडाच्या डोक्यावर ठेवलं. भिकाने बोकड खांद्यावर घेतला आणि जांभळीला तीन फेऱ्या मारल्या. भिका जाडजूड, बोकडाला पागोट्याचा राग आलेला, कचेरीतली सगळी मंडळी खिडक्यांत. माझी अब्रू गेली ती गेली, पण असली गोष्ट आधी ठरवून कोणी रचू शकणार नाही, याची मला खात्री होती.

बोकड सोडला, पागोटं माझ्या डोक्यावर परत आलं. मग रुपीला आणून पोशीसमोर उभं केलं. पोशीचे हात चालू झाले. कितीसा वेळ लागला असेल, मी दोनदा नाक शिंकरलं एवढाच. रुपी वळली, सरळ माझ्याकडे आली, माझ्या डोक्यावरचं पागोटं काढून तिने बोकडाला घातलं. भिकाच्या दंडाला धरून बोकड त्याच्या खांद्यावर चढवला आणि त्याला झाडाभोवती ढकललं. तिसरी फेरी पुरी झाली तशी तिने हात आडवा घालून त्याला थांबवलं.

जमादार म्हणाला, खोलीच्या फटीतून पाहिलं असेल. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. मी फटीत चिंध्या कोंबल्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार वेळा, चार निराळ्या गोष्टी करून पाहिल्या. एकीत भिकाने काहीतरी हुडकायचं आणि सापडलं नाही म्हणून हात झाडायचे होते. रुपीने त्याला कोपरे हुडकायला लावले आणि शेवटी त्याचे दोन्ही हात धरून रिकामे झाडले. न सापडलेली वस्तू दाखवायची कशी, हे मला अजून कळलेलं नाही. पण पोशीने ते सांगितलं होतं आणि रुपीला ते कळलं होतं. पहिल्या प्रश्नापुढे मी हो लिहिलं.

या दोन दिवसांत मीही त्यांच्या हातांकडे बघत होतो. दुभाष्यावर विश्वास नाही तर स्वतः शिकावं, असा माझा हिशेब. पन्नाशीचा माणूस मी, संस्कृत आलं, मोडी आली, गुजराती आली, पण हे येईना. दोन दिवस धडपडून अकरा खुणा हाती लागल्या. डावी करंगळी मुडपली की देवजी. कानाची पाळी ओढली की ढवळू, कारण घरात ऐकणारा तो. दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर धरले की मुखवटा. छातीवर दोन बोटं टेकवली की तुका, त्याच्या पितळी बिल्ल्यावरून. दोन हात जरा भरभर चालले की मी बुडालोच. बोलता न येणाऱ्या मुलासारखा मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो आणि पोशीला माझी कीव यायची, हे मला स्पष्ट दिसायचं.

तिसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न घेतला. अंगणात पाच मातीची बोळकी पालथी घातली आणि पोशीच्या देखत चौथ्याखाली गुळाचा खडा ठेवला. रुपीला आणलं. पोशीने तिला सांगायचं, तिने बोळकं उचलायचं, एवढंच. मी आखलं होतं ते असं की सुरुवातीला खरं सांगायला लावावं आणि मग खोट्याकडे कसं वळवायचं ते बघावं. पोशीने हात हलवले. रुपी पुढे झाली आणि तिने दुसरं बोळकं उचललं. खाली काही नव्हतं.

जमादार मोठ्याने हसला. संपली तुमची भाषा, म्हणाला. माझंही तोंड उतरलं. एवढ्यात पोशी खदखदून हसायला लागली. जन्मात हसणं न ऐकलेल्या माणसाचं हसणं फार मोठं असतं. ती ओचा सावरत चौथ्या बोळक्यापाशी गेली, गूळ काढला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. रुपीने तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

मुक्या जनावरालाही गोड कळतं, असं म्हणून जमादार जेवायला निघून गेला. मी तिथेच उभा राहिलो. जे नाही ते आहे असं तिने आपल्या बहिणीला सांगितलं होतं, बहिणीला ते पटलं होतं, आणि कोणी शिकवलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. गुळासाठी, गंमत म्हणून. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर गूळ चघळत होतं. मला त्या बादशहाच्या वाड्याची आठवण झाली. दार उघडल्यावर सगळे त्या मुलांचा आवाज ऐकत बसले असतील. त्यांच्या हातांकडे कोणी पाहिलं का? ग्रंथात तसं लिहिलेलं नाही, असं साहेब पुढे म्हणाले.

मी खोलीत जाऊन लिहायला बसलो. दुसऱ्या प्रश्नाला हो. लिहिण्याआधी दोनदा लेखणी पुसली हे कबूल करतो, कारण त्या एका शब्दाने देवजीची सात वर्षं जाणार होती. पण जे दिसलं ते लिहायचं, इतकी सवय हाताला होती. तेवढ्यात सहज खिडकीबाहेर पाहिलं.

उन्हं कलली होती. दोघी बहिणी जांभळीखाली समोरासमोर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांची साक्ष होती. पोशीने दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर धरले आणि कानाची पाळी ओढली. मुखवटा, ढवळू. रुपीने तिचा हात फटकन खाली मारला. मग तिचे तळवे धरून तिच्या चेहऱ्यासमोर नेले आणि तिची डावी करंगळी आपल्या बोटांनी मुडपली. मुखवटा, देवजी. पोशीने मान हलवली आणि पुन्हा कान ओढला. रुपीने पुन्हा करंगळी मुडपली. असं चार वेळा झालं. शेवटी रुपी रडायला लागली.

अकरा खुणांत मला सगळं कळलं. मुखवट्यात देवजी नव्हता. ज्याला त्या सोंगाला शिवायचा अधिकार नाही तो ढवळू देवी होऊन नाचत होता, आणि पाय न बघणारी अख्खी पंचक्रोशी त्याला हात जोडत होती. ही गोष्ट फुटली असती तर ते सोंग त्या घराण्याचं राहिलं नसतं आणि पाड्याने त्यांना वाळीत टाकलं असतं. एवढा धोका पत्करून देवजी त्या सकाळी सूर्यमाळेच्या उतारावर गेला होता. एका जप्त केलेल्या कोयत्यासाठी? तेही मला पटेना.

मी बाहेर गेलो. रुपीला हाताने दूर बसवलं आणि पोशीसमोर उकिडवा बसलो. ढवळूला बोलावलं नाही. छातीवर दोन बोटं टेकवली आणि हात पसरला. तुका, काय?

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. आपण जे सांगू ते या म्हाताऱ्याला कळेल का, याचा अंदाज घेत असावी. मग तिने सांगितलं. अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. पाणी, डोक्यावर हंडा, लांब चालत, एकटी. पाड्याचा झरा आटला की बायकांना खालच्या झऱ्यावर जावं लागतं हे मला माहीत होतं. छातीवर दोन बोटं. मग तिने स्वतःचं मनगट स्वतःच्याच दुसऱ्या हाताने आवळलं आणि मागे पिरगाळलं. बांगड्या नव्हत्या त्या मनगटावर, नुसते खरचटल्याचे जुने वण होते. पुढची खूण मी शिकलेलो नव्हतो, पण ती कळायला शिकावं लागलं नाही. नंतर तिने छातीवर बोटं टेकवून ओठांवर आडवा हात धरला आणि हसल्यासारखं तोंड केलं. मुकी आहे, कोणाला सांगणार, असं समजून तो हसत गेला होता.

तिने सांगितलं होतं. रुपीला सांगितलं, रुपीने देवजीला.

मग पोशीने आपल्या छातीवर तळहात ठेवला, कचेरीच्या दाराकडे बोट केलं आणि दोन्ही हात मोकळे सोडले. हेच तिला उद्या तिथे सांगायचं होतं. सगळं, जसं घडलं तसं. रुपीला नवरा हवा होता आणि पोशीला बोलायचं होतं.

मला तुकाचा असा संताप आला की त्याचा दुसरा डोळा शाबूत आहे याचं वाईट वाटलं. पण मी कचेरीचा माणूस. उद्या ती बोलली तर काय होईल हे मला पाठ होतं. देवजीने मारलं हे तिच्याच साक्षीने शाबीत होईल, तो सात वर्षांसाठी जाईल. तुका कानांवर हात ठेवील, साक्षीदार कोण, तर एक झरा. घर बुडेल, सोंग जाईल, आणि पोशीचं नाव पाड्यापाड्यांत चघळलं जाईल. मी हे सगळं तिला समजावू शकलो नाही. अकरा खुणांत एवढं मावत नव्हतं. ढवळूला मधे घालावं, तर आपल्या बहिणीची ही गोष्ट परक्या माणसाला कळली आहे हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून मी दोन्ही तळवे माझ्या चेहऱ्यासमोर धरले आणि डावी करंगळी मुडपली. मुखवटा, देवजी. त्यांच्या भाषेत मी केलेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही खोटं. पोशीने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. ती उठून रुपीजवळ जाऊन बसली.

खोलीत येऊन मी आधीचा कागद फाडला आणि नवा लिहिला. सदर बायका पाहिलेली गोष्ट हातवाऱ्यांनी हुबेहूब दाखवू शकतात. न पाहिलेली अगर न घडलेली गोष्ट सांगण्याची त्यांच्यात कुवत नाही. त्यांस भाषा अशी नाही, केवळ नक्कल आहे. खाली सही. साहेबांनी तो वाचला आणि समाधानाने मान डोलावली, कारण त्यांच्या ग्रंथांशी तो जुळत होता. जमादारानेही बोळक्यांची हकिगत सांगून दुजोरा दिला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कागदावर कोणी शंका घेतली नाही, आणि तो एवढा एकच कागद खोटा होता.

दुसऱ्या दिवशी साक्ष झाली. रुपीने तळवे धरले, करंगळी मुडपली, मुखवट्याखालचा करंगळी नसलेला पाय करून दाखवला. मग पोशी उभी राहिली. तुका डोळ्याला फडकं बांधून समोरच बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातातली लेखणी थांबली. ती आता छातीवर दोन बोटं टेकवणार असं मला वाटलं, आणि टेकवली असती तर तिला अडवायचा मला काय अधिकार होता? तिने तळवे चेहऱ्यासमोर नेले आणि करंगळी मुडपली. ढवळूने ते तोंडाने सांगितलं. साहेबांनी आरशाची साक्ष मान्य केली आणि दुपारी देवजी सुटला.

निकालानंतर ती मंडळी मोखाड्याच्या रस्त्याला लागण्याआधी अंगणात थांबली. देवजी माझ्या पाया पडायला लागला, मी त्याला अडवलं. पोशी मागे उभी होती. तिने ढवळूला काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, ती विचारते, कागदावर काय लिहिलं? मी खोटंच सांगू शकलो असतो, त्या दिवशी मला त्याची सवय झाली होती. पण मी खरं सांगितलं. लिहिलं आहे की तुम्हाला भाषा नाही. डोळ्यांना दिसतं तेवढं दाखवता येतं, मनातलं काही सांगता येत नाही.

ढवळूने ते हातांनी दोघींना सांगितलं. रुपीने पाहिलं न पाहिलं करून बोचकं डोक्यावर घेतलं. तिला नवरा मिळाला होता, सरकारी कागदाचं तिला काय? पोशीने मात्र ते सगळं पाहून घेतलं आणि छातीवर दोन बोटं टेकवली. पुढचे हात इतके भरभर चालले की मला काही कळलं नाही. मी ढवळूकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"ती म्हनं, त्या बिल्लेवाल्याला बी असंच वाटलं व्हतं."

माफी मागायची खूण मला येत नव्हती, आणि ती ढवळूला विचारायची मला लाज वाटली.